एन्क्रिप्शन मानकासाठी अल्गोरिदम पाठवायचा आहे? पात्रता, कागदपत्रे आणि छाननी

रत्नागिरी, लोणेरे किंवा सावंतवाडीच्या कॉलेजात बसून रचलेला सायफर (माहिती गुप्त करण्याची पद्धत) जागतिक मानकाच्या निवडीला पाठवता येतो का? येतो. अमेरिकेच्या 'निस्ट' या मानक संस्थेच्या खुल्या निवडीत नागरिकत्वाची, पदवीची किंवा कंपनीच्या शिक्क्याची अट नसते. बँकेच्या ॲपपासून घरच्या वायफायपर्यंत आज वापरात असलेले एईएस हे एन्क्रिप्शन मानक मूळचे 'रेनडाल'. ते बेल्जियमच्या योआन डेमेन आणि व्हिन्सेंट रायमेन यांनी पाठवले होते आणि १५ उमेदवारांतून २ ऑक्टोबर २००० रोजी त्याची निवड झाली. तेव्हा 'आपल्याला कोण विचारतो' हे मनातून काढून टाका. अर्ज अडतो तो कागदांवर आणि कोडवर.

अर्ज मात्र बारमाही घेत नाहीत. संस्था आवाहन काढते, मुदत देते आणि मुदतीनंतर दार बंद. क्वांटम संगणकालाही न फुटणाऱ्या पद्धतींसाठी २०१६ च्या डिसेंबरात आवाहन निघाले, मुदत ३० नोव्हेंबर २०१७ होती. नव्या डिजिटल सह्यांसाठीची मुदत १ जून २०२३ ला संपली. प्रत्येक आवाहनाच्या अटी वेगळ्या असतात, म्हणून मूळ मसुदा शब्दन् शब्द वाचावा. पुढची माहिती मुख्यतः २०१६ च्या नमुन्यावर आहे.

अल्गोरिदमची पात्रता

एईएससाठी १२८ बिटांचा ब्लॉक (एका वेळी गुप्त करायचा तुकडा) आणि १२८, १९२, २५६ बिटांच्या तिन्ही किल्ल्या चालणे सक्तीचे होते. छोट्या उपकरणांसाठीच्या हलक्या एन्क्रिप्शनच्या निवडीत किल्ली किमान १२८ बिटांची हवी होती. क्वांटमरोधी निवडीत सुरक्षेच्या पाच पायऱ्या ठरवल्या होत्या: पहिली म्हणजे एईएस-१२८ ची किल्ली शोधण्याइतके अवघड, पाचवी म्हणजे एईएस-२५६ इतके. आपला पॅरामीटर संच (पद्धतीसाठी निवडलेले आकडे) कोणत्या पायरीवर बसतो ते आकडेमोडीसह लिहावे लागते. 'फोडणे अशक्य आहे' एवढे वाक्य उपयोगाचे नाही. माहीत असलेला प्रत्येक हल्ला घ्यायचा आणि त्याला किती काम पडते ते मांडायचे.

कागदपत्रे

मुखपृष्ठाच्या फॉर्मवर पद्धतीचे नाव, मुख्य अर्जदार, सहअर्जदार, रचनाकार आणि मालक यांचे तपशील. मग संपूर्ण तांत्रिक वर्णन, ही रचना का निवडली त्याची कारणे, वेगाचे आणि मेमरीचे आकडे, सुरक्षेचे विश्लेषण, आणि फायद्यांबरोबर मर्यादाही. मर्यादांचे पान कोरे ठेवण्याचा मोह होतो. तो टाळा, कारण तुम्ही न लिहिलेली मर्यादा परीक्षक शोधतोच.

सर्वांत जास्त वेळ खातात ती सहीची पत्रे. प्रत्येक अर्जदाराचे वेगळे निवेदन, पेटंट असल्यास पेटंटमालकाचे, आणि कोडच्या मालकाचे. कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम झाले असेल तर मालक कोण, तुम्ही की संस्था, हे आधी लेखी ठरवून घ्या. भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३(के) नुसार नुसत्या अल्गोरिदमला पेटंट मिळत नाही. परदेशात पेटंटचा अर्ज करायचा असेल तर इथे राहणाऱ्याला कलम ३९ लागू होते: आधी परवानगी, किंवा भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबणे. २०१६ च्या आवाहनात या पत्रांच्या सही केलेल्या मूळ कागदी प्रती मेरीलँडमधल्या गेथर्सबर्गला पोचवायच्या होत्या. कोकणातून पाठवायचे तर किमान तीन आठवडे हाताशी ठेवा, पावसाळ्यात त्याहून जास्त.

कोड आणि उत्तरपत्रिका

दोन कोड लागतात: वाचायला सोपा संदर्भ कोड आणि वेगासाठी सुधारलेला, दोन्ही एएनएसआय सी (सी भाषेचे प्रमाणित रूप) मध्ये. सोबत ठरावीक इनपुटला ठरावीक आउटपुट दाखवणारी केएटी (नोन आन्सर टेस्ट) फाइल. तिच्यात १०० नोंदी, क्रमांक ० ते ९९, आणि प्रत्येक नोंदीत ४८ बाइटांचा सीड (रँडम आकडे जिथून सुरू होतात ती किंमत), म्हणजे ९६ षोडशमान अंक. पहिल्या नोंदीचा सीड ०६१५५०२३४ असा सुरू होतो. तुमच्या फाइलीत तो वेगळा दिसला तर संस्थेने दिलेल्या रँडम आकड्यांच्या जनरेटरला कुठेतरी हात लागला आहे.

फाइल दुसऱ्या मशीनवर जुळत नाही, याची कारणे बहुधा तीच. रँडम बाइट दिलेल्या फंक्शनऐवजी थेट ऑपरेटिंग सिस्टिमकडून घेतलेले असतात. 'लाँग' हा प्रकार ६४-बिट लिनक्सवर ८ बाइटांचा आणि विंडोजवर ४ बाइटांचा असतो. किंवा सुरुवातीची किंमत न दिलेले व्हेरिएबल वाचले जाते. संथ पद्धतींची केएटी तयार व्हायला तास लागतात. मध्येच लाइट गेली तर फाइल अर्धवट राहते आणि दिसायला मात्र पूर्ण वाटते. शेवटची नोंद ९९ आहे ना, हे उघडून पाहाच.

या टप्प्याला हलके घेऊ नका. २०१७ साली ८२ प्रस्ताव आले आणि ६९ च 'पूर्ण आणि योग्य' ठरले. ३० सप्टेंबरपूर्वी पाठवणाऱ्यांना त्रुटी कळवून दुरुस्तीची संधी होती. अशी सवलत असेल तर ती घ्यावीच.

मूल्यमापन, आणि तुमचा त्यातला वाटा

आधी सुरक्षा, मग खर्च, मग अंमलबजावणीची सोय, या क्रमाने फेऱ्या होतात. तपासणारे जगभर बसलेले असतात आणि त्यांत सामील व्हायला ना फॉर्म, ना फी. 'रेनबो' ही सहीची पद्धत तिसऱ्या फेरीपर्यंत टिकली. २०२२ च्या सुरुवातीला संशोधक वॉर्ड ब्यूलन्स यांनी तिचा सर्वांत लहान संच लॅपटॉपवर एका वीकेंडात फोडता येतो हे दाखवले. त्याच वर्षी 'साइक' या किल्ली ठरवण्याच्या पद्धतीचा सर्वांत लहान संच प्रोसेसरच्या एका कोअरवर तासाभरात फुटला. आपल्या भागातल्या विद्यार्थ्यांनी नवा सायफर रचण्याआधी हे काम हाती घ्यावे, असे आम्हाला मनापासून वाटते.

एकच उमेदवार निवडा. कोड कंपाइल करून केएटी जुळवा, मग मेमरीच्या चुका शोधणारे साधन लावून पुन्हा चालवा. वेग मोजताना प्रोसेसरचे टर्बो (आपोआप वेग वाढवणे) आणि हायपरथ्रेडिंग (एका कोअरवर दोन कामे चालवणे) बंद ठेवा, सरासरीऐवजी मध्यक द्या. गुप्त माहितीवर चालणारा भागाकार आणि 'इफ' शोधा. 'कायबर' या क्वांटमरोधी पद्धतीच्या कोडात गुप्त किमतीला ३३२९ ने भागणारी ओळ होती. काही प्रोसेसरांवर भागाकाराला लागणारा वेळ आकड्याप्रमाणे बदलतो, आणि त्यातून किल्ली गळू शकते हे २०२३ च्या अखेरीस उघड झाले.

किनाऱ्यावरचा प्रश्नही मोजण्यासारखा आहे. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या बोटीवर बॅटरीवर चालणारा लोरा (कमी विजेत दूरवर पोचणारा रेडिओ) ट्रॅकर बसवला असे धरा. एका पॅकेटमध्ये फार तर २५५ बाइट मावतात. डायलिथियम या क्वांटमरोधी पद्धतीची सर्वांत लहान सही २४२० बाइटांची, म्हणजे दहा पॅकेट. तशाच फाल्कन-५१२ पद्धतीची सुमारे ६६६, म्हणजे तीन. यातले एक जरी पॅकेट हरवले तरी सही तपासता येत नाही. असे प्रत्यक्ष मोजमाप उमेदवाराच्या बाजूने किंवा विरुद्ध ठोस पुरावा ठरते.

अभिप्राय पाठवताना प्रोसेसरचे नाव, कंपायलरची आवृत्ती, वापरलेले फ्लॅग आणि मोजणीचा पूर्ण कोड जोडा. दुसऱ्याला तोच आकडा काढता आला नाही तर तुमचे निरीक्षण विचारात घेणे अवघड जाते.