नायट्रोजन डायऑक्साइडचा वायुसमतोल

वायूंचे नियम आणि रासायनिक समतोल एकाच काचनळीत दाखवणारे उदाहरण. नायट्रोजन डायऑक्साइड हा तांबूस-तपकिरी, विषारी वायू. त्याचे दोन रेणू जुळून डायनायट्रोजन टेट्रॉक्साइडचा एक रंगहीन रेणू बनतो, आणि तो फुटून पुन्हा दोन होतात. जुळण्याचा आणि फुटण्याचा वेग सारखा झाला की रंग स्थिरावतो. आत मात्र दोन्ही क्रिया अखंड चालूच असतात, आणि समतोल शिकताना नेमके हेच निसटते.

तांब्याच्या तुकड्यांवर संहत नायट्रिक आम्ल ओतले की हा वायू निघतो. तो भरून बंद केलेली नळी बर्फात धरली तर रंग फिकट पिवळसर होतो, उकळत्या पाण्यात धरली तर गडद तपकिरी. टेट्रॉक्साइडचा एक मोल (रेणूंची एक ठरावीक, प्रचंड संख्या) फुटायला सुमारे ५७ किलोज्यूल उष्णता लागते, म्हणून तापमान वाढले की फूट वाढते. २५° से. तापमान आणि १ बार दाबाला टेट्रॉक्साइडचे साधारण १९ टक्के रेणू फुटलेले असतात. त्यामुळे घनतेवरून काढलेला रेणुभार टेट्रॉक्साइडचा ९२ही येत नाही आणि डायऑक्साइडचा ४६ही नाही. तो ७७ च्या आसपास येतो.

रॉबर्ट बॉइल याने १६६२ मध्ये मांडलेल्या नियमानुसार तापमान कायम ठेवून आकारमान निम्मे केले तर दाब दुप्पट व्हायला हवा. या मिश्रणात तो सुमारे १.९ पटच होतो. यात नियमाची चूक नाही. बॉइलचा नियम वायूचे मोल कायम आहेत असे धरून चालतो. इथे दाबताच काही रेणू जुळतात आणि मोलच कमी होतात. आदर्श वायूचे समीकरण (दाब, आकारमान, मोलसंख्या आणि तापमान यांना जोडणारे) लिहिताना मोलसंख्येकडे दुर्लक्ष करू नये, ते यासाठी. दाब वाढला की समतोल कमी रेणूंच्या बाजूला झुकतो, हे आँरी ल शातलिए याच्या १८८४ च्या तत्त्वाशी (समतोलावर बदल लादला की तो त्या बदलाला विरोध करतो) जुळते. त्याचा हिशेब मात्र गुल्डबर्ग आणि वागे यांच्या १८६४ च्या वस्तुमानक्रियेच्या नियमाने होतो; तो क्रियेचा वेग पदार्थांच्या संहतीशी जोडतो.

आकारमान न बदलता नळीत आर्गॉन सोडला तर एकूण दाब वाढतो, पण दोन्ही वायूंचे आंशिक दाब (एकूण दाबातला प्रत्येकाचा वाटा) तेच राहतात आणि समतोल हलत नाही.

सिरिंजमध्ये हा वायू दाबला की रंग आधी गडद होतो, मग फिकट. तो मूळ रंगापेक्षाही फिकट होतो, असे अनेकदा शिकवले जाते. बाजूने पाहिल्यास ते खरे नाही. आकारमान निम्मे केल्यावर तपकिरी वायूची संहती (ठरावीक आकारमानातले त्याचे प्रमाण) क्षणभर दुप्पट होते आणि मग मूळच्या दीडपटीच्या जवळ येऊन थांबते, म्हणजे रंग मूळपेक्षा गडदच राहतो. सिरिंजच्या लांबीच्या दिशेने पाहिले तर मात्र तो खरोखर फिकट दिसतो, कारण तेव्हा नजरेच्या वाटेत येणारे तपकिरी रेणूच मुळात कमी झालेले असतात.