मित्रच घरचे, पण कागदावर कोण?

क्वीअर म्हणजे गे, लेस्बियन, ट्रान्स अशा लोकांच्या ग्रुपमधे दोस्तांनाच 'हीच माझी फॅमिली' असं जे म्हणतात त्याला आपल्याकडे बराच जुना इतिहास आहे. हिजडा घराण्यांचंच बघा, गुरू, चेला, नातीचेला (चेल्याचा चेला) अशी रीतसर नाती, गुरू म्हातारी झाली की तिचं सगळं चेल्यांनी करायचं. तरी 2019 च्या ट्रान्सजेंडर कायद्यात कुटुंब म्हणजे रक्ताचं, लग्नाचं नाहीतर कायदेशीर दत्तकाचं. घरातून हाकललेल्या पोरीला जिने जेवू घातलं ती गुरू यात कुठेच नाही, मला हे अजून पचत नाही.

मुंबईत 1990 ला अशोक राव कवींनी 'बॉम्बे दोस्त' हे गे लोकांसाठीचं मासिक काढलं, 1994 ला अशाच लोकांसाठी काम करणारी हमसफर ट्रस्ट सुरू झाली, आणि तोच एचआयव्हीचाही काळ. सरकारी दवाखान्यात एआरटीच्या, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या गोळ्या फुकट मिळायला 2004 उजाडलं, तोवर किती जणांचे घरचे फिरकलेच नाहीत, मग डबा नेणं, अंग पुसणं, रात्री उशाशी बसणं हे सगळं मित्रांनी केलं, त्यात कुणी जुना प्रियकर असायचा, कुणी नुसताच दोस्त, पण तो फरक तेव्हा कोण बघत बसणार. माणूस गेला की मात्र सही नातेवाइकाची लागायची, आणि ज्याने महिनोन्महिने कूस बदलून दिली तो स्मशानात पार मागे, 'मित्र होता' एवढीच त्याची ओळख.

2018 ला समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 मधून सुटका झाली पण हे तसंच राहिलं. 17 ऑक्टोबर 2023 ला सुप्रीम कोर्टाने समलिंगी जोडप्यांना लग्नाचा हक्क नाकारला, त्यानंतर 2024 मधे केंद्राच्या आरोग्य खात्याने राज्यांना कळवलं की जवळचे नातेवाईक नसतील तर जोडीदाराला मृतदेह ताब्यात मिळावा. चांगलंच झालं, पण ते जोडीदारापुरतं, आणि आपल्यातले कितीतरी जण जोडीदाराशिवाय फक्त दोस्तांच्या जिवावर जगतात त्यांचं काय? मे 2025 मधे मद्रास हायकोर्टाने एका लेस्बियन जोडप्याच्या केसमधे स्पष्ट म्हटलं की कुटुंब उभं करायला लग्न हाच एक रस्ता नाही, निवडलेलं कुटुंबही कुटुंबच.

2017 चा मेंटल हेल्थकेअर कायदा मात्र यात खरंच पुढे आहे, त्यात साध्या कागदावर लिहून सही केली की कुठल्याही सज्ञान माणसाला, म्हणजे मैत्रिणीलासुद्धा, मानसिक आजाराच्या उपचारांसाठी आपला प्रतिनिधी नेमता येतं, नातं कुणी विचारत नाही.