लाच मागितली? पैसे देण्याआधी एसीबीची प्रक्रिया समजून घ्या

सातबाऱ्यावर वारसनोंद लावायची आहे, कारखान्याला वाढीव वीजभार हवा आहे, किंवा केलेल्या कामाचं बिल अडकलं आहे. काम कायदेशीर, कागद पूर्ण, तरी कोणीतरी हळूच सांगतं, "साहेबांचं बघावं लागेल." अशा वेळी माणूस एक तर तिथेच भांडतो, नाहीतर मुकाट्याने पैसे देऊन मोकळा होतो. तक्रारीच्या दृष्टीने दोन्ही वाईट. भांडलात की समोरचा सावध होतो आणि पुन्हा तोंड उघडत नाही. दिलेत की तुम्हीही गुन्ह्यात अडकू शकता. "पैशांची जमवाजमव करतो, थोडा वेळ द्या" एवढंच म्हणून बाहेर पडा आणि १०६४ ला फोन लावा.

१०६४ हा महाराष्ट्राच्या लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा, म्हणजे एसीबीचा टोल फ्री क्रमांक. मुख्यालय मुंबईत वरळीला आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी विभागाचं कार्यालय असतं आणि तिथे साधारणपणे पोलीस उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी बसतो. फोनवर, ऑनलाइन किंवा थेट कार्यालयात जाऊन तक्रार करता येते. माझं मत विचाराल तर फोन करून वेळ घ्या आणि स्वतः जा. लेखी जबाब आणि पडताळणीसाठी तुम्हाला शेवटी समोर बसावंच लागतं.

तक्रार कोण करू शकतं, कोणाविरुद्ध

ज्याच्याकडे पैसे मागितले तो कोणीही. जमीन वडिलांच्या नावावर असेल आणि तलाठी कार्यालयात मुलगा जात असेल, तर मागणी मुलाकडे झाली म्हणून तक्रारदार मुलगा. परदेशात राहणाऱ्यांच्या गावाकडच्या मालमत्तेचं काम मुखत्यारपत्रधारक बघत असेल, तर तक्रार त्याने करावी. नेमके शब्द ज्याने ऐकले, कोर्टात साक्षही त्यालाच द्यायची असते. निनावी पत्राने माहिती पोहोचते, पण सापळा, म्हणजे लाच घेताना रंगेहाथ पकडण्याची कारवाई, रचता येत नाही.

समोरचा माणूस लोकसेवक असायला हवा. यात मंत्रालयातल्या अधिकाऱ्यापासून ग्रामपंचायतीपर्यंत सगळे येतात: महसूल, पोलीस, जिल्हा परिषद, महापालिका, महावितरणसारख्या सरकारी कंपन्या, आणि निवडून आलेले सरपंच, नगरसेवकसुद्धा. पैसे साहेब स्वतः घेत नाहीत, बाहेरचा झेरॉक्सवाला किंवा एखादा पंटर घेतो, असं असेल तरी तक्रार करा. २०१८ च्या दुरुस्तीने भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात आलेलं कलम ७अ अशा मध्यस्थासाठीच आहे, आणि त्यालाही शिक्षा लोकसेवकाइतकीच, ३ ते ७ वर्षं. केंद्र सरकारचा कर्मचारी असेल (आयकर, कस्टम्स, रेल्वे) तर सहसा सीबीआयच्या भ्रष्टाचारविरोधी शाखेकडे जावं लागतं. गोव्यात हे काम दक्षता संचालनालयाकडे आहे.

कागद कोणते न्यायचे

तक्रारीला शुल्क नाही, वकील लागत नाही. सोबत स्वतःचं ओळखपत्र आणि अडकलेल्या कामाचे कागद घ्या: अर्जाची पोच, टोकन क्रमांक, चलन, त्रुटीचं पत्र आलं असेल तर ते. काम खरंच त्या माणसाच्या टेबलावर आहे हे यातून दिसतं. त्याचं नाव माहीत नसेल तर पद आणि कार्यालय सांगा, तेवढ्यावर भागतं. मागणी कधी, कुठे, कोणासमोर झाली, किती आकडा सांगितला, हे घरी बसून एका कागदावर लिहून काढा. दोन-चार दिवसांत तपशील पुसट होतात.

फोनवरचं बोलणं रेकॉर्ड झालं असेल किंवा व्हॉट्सअॅपवर मेसेज आला असेल तर मूळ फोनमध्ये तो तसाच ठेवा. कापून, जोडून, "महत्त्वाचा भाग" वेगळा करून नेऊ नका. डिजिटल पुराव्याला २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र लागतं, आणि छेडछाडीचा संशय आला तर चांगला पुरावाही मातीमोल होतो. रेकॉर्डिंग नाही म्हणून मात्र थांबू नका. ते विभाग स्वतः करतो.

पडताळणी आणि सापळा

वर्तमानपत्रात येतो तो गुलाबी हातांचा प्रसंग. प्रत्यक्षात खटला उभा राहतो तो त्याच्या आधीच्या टप्प्यावर, म्हणजे मागणीच्या पडताळणीवर. तक्रार घेतल्यावर अधिकारी दोन पंच बोलावतात. हे सहसा दुसऱ्याच कार्यालयातले सरकारी कर्मचारी असतात, तुमचे किंवा आरोपीचे ओळखीचे नसतात. तुमच्याजवळ डिजिटल व्हॉइस रेकॉर्डर दिला जातो आणि पंचासोबत तुम्हाला त्या लोकसेवकाकडे पाठवलं जातं. तिथे तुम्ही फक्त तुमच्या कामाबद्दल विचारायचं. मागणी त्याच्या तोंडून आली पाहिजे. तुम्हीच "घ्या ना साहेब, घ्या" करत बसलात तर पुढे बचाव पक्षाचा वकील नेमकं तेच वाक्य कोर्टात वाचून दाखवतो. रक्कम कमी करा म्हणून घासाघीस करायला हरकत नाही. बातमीत "तडजोडीअंती दहा हजार" असं जे छापून येतं, ते बहुतेकदा याच संभाषणातलं असतं.

मागणी पक्की झाली की सापळा. पैसे तुम्हाला आणावे लागतात, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते आणि ऐकून धक्का बसतो. जप्त झालेल्या नोटांइतकी रक्कम नंतर शासनाकडून परत मिळते, पण ती लगेच हातात येत नाही. उसने आणणार असाल तर हा हिशेब धरा. मागणी लाखांत असेल तर वर थोड्या खऱ्या नोटा आणि खाली खेळण्यातल्या नोटा लावून बंडल करतात. नोटांचे क्रमांक पंचनाम्यात लिहिले जातात आणि त्यांना पावडर लावली जाते: फिनॉल्फथॅलिन, किंवा अतिनील दिव्याखाली चमकणारं अँथ्रासिन. फिनॉल्फथॅलिन लागलेले हात सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवले की द्रावण गुलाबी होतं. तुम्हाला आधी ठरलेला इशारा करायचा असतो, डोक्यावरून हात फिरवणं वगैरे. मागितल्याशिवाय नोटांना हात लावायचा नाही, ही सूचना प्रत्येक तक्रारदाराला दिली जाते आणि ती अक्षरशः पाळायची.

कारण सर्वोच्च न्यायालयाची भूमिका स्पष्ट आहे: मागणी आणि स्वीकार दोन्ही सिद्ध झाल्याशिवाय शिक्षा नाही. नुसती रक्कम खिशात सापडली, हात गुलाबी झाले, एवढं पुरत नाही. याच न्यायालयाच्या घटनापीठाने १५ डिसेंबर २०२२ रोजी, नीरज दत्ता प्रकरणात, असंही म्हटलं की तक्रारदार मरण पावला किंवा फितूर झाला तरी इतर साक्षी आणि परिस्थितीजन्य पुराव्यावरून मागणी सिद्ध करता येते. म्हणजे पंच आणि रेकॉर्डिंग यांचं वजन आणखी वाढलं.

सापळ्यानंतर सहसा स्थानिक पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला जातो. एफआयआरची प्रत तुम्हाला मोफत मिळते, ती मागून घ्याच. खटल्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याची मंजुरी लागते. कायद्यात तिला तीन महिने, फार तर आणखी एक महिना अशी मुदत आहे. खटला दोन वर्षांत संपवण्याचा प्रयत्न व्हावा असंही कायदा म्हणतो. प्रयत्न हा शब्द लक्षात ठेवा. तुम्हाला साक्षीला बोलावणं येईल तेव्हा कदाचित तो अधिकारी पुन्हा कामावर रुजू झालेला असेल, आणि गावातलं कोणीतरी मिटवून टाक म्हणून घरी येऊन गेलेलं असेल. धमकी आली तर तपास अधिकाऱ्याला लेखी कळवा. साक्षीदार संरक्षणासाठी महाराष्ट्राचा २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे.

पैसे आधीच दिले असतील तर

२०१८ पर्यंत लाच देणाऱ्याला त्याच्या जबाबामुळे संरक्षण मिळायचं. ते कलम गेलं. आता भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ८ नुसार देणाराही गुन्हेगार, सात वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. अपवाद एकच महत्त्वाचा: जबरदस्तीने द्यावी लागली असेल आणि दिल्यापासून सात दिवसांत तपास यंत्रणेला कळवलं, तर गुन्हा लागत नाही. विभागाला आधी कळवून, त्यांच्या मदतीसाठी सापळ्यात पैसे देणं हाही गुन्हा नाही.

उद्योजकांनी वेगळं काय बघावं

छोट्या कारखान्याला नकाशा मंजुरी, अग्निशमन, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, वीज अशा अनेक दारांतून जावं लागतं, आणि बहुतेक मालक हे काम "लायझनिंग" करणाऱ्याला देऊन मोकळे होतात. एकरकमी फी, त्यात काय काय आलं हे विचारायचं नाही. कलम ९ या सोयीवर बोट ठेवतं. कंपनीच्या वतीने काम करणाऱ्या माणसाने कंपनीच्या फायद्यासाठी लाच दिली तर कंपनीला दंड होऊ शकतो. संचालक किंवा व्यवस्थापकाची संमती किंवा संगनमत सिद्ध झालं तर कलम १० खाली त्याला ३ ते ७ वर्षं. बचाव म्हणून कंपनीला दाखवावं लागतं की हे रोखायला आमच्याकडे पुरेशी व्यवस्था होती. म्हणून सल्लागाराशी लेखी करार करा, सरकारी शुल्क वेगळं आणि त्याची फी वेगळी दाखवा, प्रत्येक चलनाची प्रत घ्या. ब्रिटनमध्ये २०१० चा असाच कायदा आहे, त्यामुळे निर्यात करणाऱ्याकडे तिकडचा ग्राहक हे कागद मागू शकतो. गुंतवणूकदाराच्या लेखापरीक्षकालाही "किरकोळ खर्च" या सदरात मोठा आकडा दिसला की तो तिथेच थांबतो.

निविदेत घोळ झाला, भूखंड भलत्यालाच दिला, अशी तक्रार असेल तर वाट वेगळी आणि लांब. लोकसेवकाने अधिकारात घेतलेल्या निर्णयाची चौकशी करायला कलम १७अ नुसार आधी सरकारची परवानगी लागते. रंगेहाथ पकडण्याला ती लागत नाही. त्यामुळे सापळा दिवसांत होतो आणि निविदेची चौकशी वर्षानुवर्षं रेंगाळू शकते. अशा तक्रारीत आरोपांपेक्षा कागद जास्त बोलतात. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर तुलनात्मक तक्ता, टिपणी आणि मंजुरीचे आदेश मिळवा, मगच तक्रार अर्ज लिहा.

आणि पैसे कोणी मागितलेच नाहीत, फक्त फाइल हलत नाही, असं असेल तर एसीबी हे दार नव्हे. सेवा लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित आहे का ते बघा. असेल तर मुदत संपल्यापासून तीस दिवसांत त्याच खात्यात पहिलं अपील करा, मग दुसरं, आणि तिसरं राज्य सेवा हक्क आयोगाकडे. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. अपील चालू असताना कोणी आकडा सांगितलाच, तर तीच पोचपावती घेऊन एसीबीकडे जाता येतं.