रीफ टँकचा पीएच पडला की बफर ओतायचा? थांबा!
नाशिकमधे थंडी पडली, खिडक्या बंद झाल्या की रीफ टँकवाल्यांच्या, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या टाकीत कोरल (प्रवाळ) पाळणाऱ्यांच्या, पाण्याचा पीएच (आम्लता मोजायचा आकडा, कमी म्हणजे जास्त आम्ल) ८.२ वरून ७.८ वर येतो आणि मग लगेच सल्ला मिळतो, बफर (पीएच चढवणारे क्षार) टाक. अहो पण बहुतेक वेळा दोष पाण्याचा नसतोच, बंद खोलीत आपल्या श्वासाचा कार्बन डायऑक्साइड साठतो आणि तोच पाण्यात विरघळून पीएच खाली ओढतो.

आधी टँकचं ग्लासभर पाणी गॅलरीत ठेवा, त्यात एअर पंपची नळी सोडून हवा जाऊ द्या, तासाभराने पीएच मोजा. वाढला? म्हणजे दोष खोलीतल्या हवेचा, मग खिडकी उघडा किंवा स्किमरची (फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राची) हवा ओढणारी नळी खिडकीबाहेर सोडा.

बफरने पीएच थोडा वेळच चढतो, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची ताकद) मात्र वाढत जाते आणि १२ डीकेएचच्या (अल्कलिनिटीचं एकक) वर गेली की अ‍ॅक्रोपोरा या फांद्यांच्या कोरलची टोकं पांढरी पडू शकतात, फार वाईट वाटतं बघून. अल्कलिनिटी ८-९ डीकेएचवर स्थिर असेल तर ७.८ पीएचलाही कोरल वाढतात.