सागरपार हद्दपारी (ब्रिटन–ऑस्ट्रेलिया)

गुन्हेगारास काही वर्षांसाठी अथवा आजन्म समुद्रापलीकडील वसाहतीत धाडून तेथे मजुरी करविण्याची शिक्षा. मराठीत ‘काळे पाणी’ या शब्दाने अंदमान सूचित होते. पण तेथील बंदिवसाहत १८५८ मध्ये सुरू झाली तेव्हा ब्रिटनमधील ही प्रथा संपत आली होती.

तिचा मुख्य आधार १७१८ चा कायदा होय (संसदेचे अधिवेशन आदल्या वर्षी सुरू झाल्यामुळे काही ग्रंथांत १७१७). त्यानुसार किरकोळ चोरीलाही सात वर्षांची हद्दपारी देता येई. १७७५ पर्यंत सुमारे ५०,००० कैदी अमेरिकेत गेले. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धामुळे ती वाट बंद झाली आणि टेम्स नदीतील जुन्या जहाजांवर कैदी कोंबले जाऊ लागले.

१७८६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरील बॉटनी बे या उपसागराची निवड का झाली, हा वादाचा विषय आहे. तुरुंगांतील गर्दी हटविणे हाच हेतू, हे जुने मत. के. एम. डॅलस (१९५२) यांनी व्यापारी हेतू पुढे आणला. जेफ्री ब्लेनी (१९६६) यांनी ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडील नॉरफोक बेटावरील जवस (म्हणजे ‘न्यूझीलंड फ्लॅक्स’ ही जवसासारखे तंतू देणारी वनस्पती) व पाइन वृक्ष यांवर, म्हणजे आरमाराला लागणारे शिडाचे कापड आणि डोलकाठ्यांचे लाकूड यांवर भर दिला. पहिल्या ताफ्याचे प्रमुख आर्थर फिलिप यांना ते बेट ताब्यात घेण्याचा आदेश होता व मार्च १७८८ मध्ये तेथे वस्तीही झाली, हे या मताच्या बाजूने. तथापि मूळ योजनेत जवसाचा उल्लेख शेवटाकडे येतो आणि ताफ्याबरोबर जवसाचे काम जाणणारे कारागीर फारसे नव्हते. बेटावरील पाइनही डोलकाठ्यांसाठी ठिसूळ ठरला. त्यामुळे कागदपत्रांचा कल जुन्या मताकडेच अधिक दिसतो. जवस हे जोडकारण असावे.

अकरा जहाजांचा पहिला ताफा १३ मे १७८७ रोजी पोर्ट्समथहून निघाला. कैद्यांच्या याद्या परस्परांशी जुळत नाहीत. संख्या साडेसातशेच्या आसपास धरतात. बहुतेकांचा गुन्हा चोरीचा. एलिझाबेथ बेकफर्ड या सुमारे सत्तर वर्षांच्या स्त्रीला बारा पौंड चीज चोरल्याबद्दल सात वर्षांची शिक्षा झाली होती. गुन्हा आणि शिक्षा यांतील ही तफावत प्रथेचा विचार करताना नजरेआड करता येत नाही. बॉटनी बेत गोडे पाणी अपुरे निघाल्याने २६ जानेवारी १७८८ रोजी सिडनी कोव्ह येथे तळ पडला.

१७९० च्या दुसऱ्या ताफ्यात सुमारे चतुर्थांश कैदी वाटेतच दगावले. ठेकेदाराला पैसे मिळत ते चढविलेल्या कैद्यांच्या संख्येवर; किती जिवंत उतरले यावर नव्हे. वसाहतीत कैदी खाजगी मालकांकडे कामाला दिले जात. वर्तन चांगले असल्यास मुदतीपूर्वी स्वतंत्र रोजगाराचा परवाना मिळे.

न्यू साउथ वेल्सकडील पाठवणी १८४० मध्ये, टास्मानियाकडील १८५३ मध्ये थांबली. अखेरचे जहाज जानेवारी १८६८ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात पोहोचले. एकूण कैदी सुमारे १,६०,०००; त्यांत स्त्रिया २५,००० च्या आसपास.

महाराष्ट्रातही हद्दपार कैदी आले. १८३४ पासून महाबळेश्वरच्या तुरुंगात चिनी व मलायी कैदी ठेवले जात. तेथील बटाटा व भाजीपाल्याच्या लागवडीत त्यांचा वाटा होता. हा तुरुंग १८६४ च्या सुमारास बंद झाला.