बेस अ‍ॅम्प हलका झाला कसा

मुंबईत बेस अ‍ॅम्प घेताना पहिला प्रश्न आवाजाचा नसतो, दादरच्या पुलाचा असतो. पाठीवर बेस गिटार, एका हातात अ‍ॅम्प आणि समोरून संध्याकाळी सातची गर्दी. आठ-दहा किलो असतील तर लोकलने जाता येतं. वीस किलो झाले की टॅक्सी आलीच, आणि मानधनातला बरा हिस्सा तिथेच संपला. आज शंभर वॉटचा कॉम्बो, म्हणजे स्पीकरसकट एकाच खोक्यातला संच, दहा किलोंच्या आसपास मिळतो, याचं नव्या मुलांना काहीच वाटत नाही. पण ते व्हायला अर्धशतक गेलं, आणि ज्या शोधांमुळे झालं त्यांतले बहुतेक संगीतासाठी लागलेच नव्हते.

अमेरिकेच्या फेंडर कंपनीने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस काढला आणि पुढच्याच वर्षी त्याच्यासाठी बासमन हा अ‍ॅम्प: पंधरा इंची एक स्पीकर, पंचविसेक वॉट. गंमत अशी की याच बासमनची दहा इंची चार स्पीकरवाली आवृत्ती गिटारवाल्यांनी पळवली, आणि १९६२ मध्ये लंडनमध्ये मार्शलचा पहिला अ‍ॅम्प तिच्याच सर्किटवरून बेतला गेला. बेसवाले मात्र होते तिथेच राहिले. कारण साधं आहे. चार तारांच्या बेसची सगळ्यात जाड तार सेकंदाला ४१ वेळा कंप पावते. इतका खालचा सूर ऐकू यायचा तर खूप हवा हलवावी लागते. लहान खोकं, खोल खर्ज आणि मोठा आवाज या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत. त्यांतल्या दोन निवडा आणि तिसरीवर पाणी सोडा. ध्वनितज्ज्ञ हॉफमन यांच्या नावाने ओळखला जाणारा हा नियम आजही कोणाला मोडता आलेला नाही.

१९६० साली अँपेग या अमेरिकन कंपनीने बी-१५ पोर्टाफ्लेक्स आणला. त्याची रचना पाहण्यासारखी आहे. अ‍ॅम्पचा सगळा ऐवज खोक्याच्या झाकणाला उलटा टांगलेला असतो. कडेचे खटके सोडायचे, झाकण उलटं करून परत बसवायचं, की अ‍ॅम्प वर आणि खोकं खाली. काम संपलं की पुन्हा उलटवून आत, म्हणजे प्रवासात काचेच्या व्हॉल्व्हना धक्का नाही. डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचे बेसवादक जेम्स जेमरसन क्लबांत वाजवताना हाच वापरत. पण हाही पंचविसेक वॉटचाच, आणि जोरकस ड्रमरसमोर तेवढ्यात भागत नाही.

मग १९६९ मध्ये अँपेगनेच दुसरं टोक गाठलं. एसव्हीटी: ३०० वॉट, चौदा व्हॉल्व्ह, नुसतं हेडच, म्हणजे स्पीकर सोडून बाकीचा भाग, चाळीस किलोंच्या घरात, आणि खाली दहा इंची आठ स्पीकरांची कपाटं. रोलिंग स्टोन्सच्या त्या वर्षीच्या अमेरिका दौऱ्यात हे रंगमंचावर होतं. एवढा अवजड प्रकार लागला कशाला? तर त्या काळी सभागृहाच्या ध्वनियंत्रणेतून मुख्यतः गायकाचा आवाज जायचा. बेस शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवणं बेसवाल्याच्या स्वतःच्या अ‍ॅम्पचं काम होतं.

मुंबईत हा काळ आयात परवान्यांचा. आर. डी. बर्मन यांच्या गाण्यांत टोनी वाझ यांचा बेस घरोघर पोहोचला होता, पण परदेशी अ‍ॅम्प दुकानात जाऊन घेण्याची सोय नव्हती. जहाजावरून किंवा परदेशातून परतणारं कोणी ओळखीचं लागे. अमेरिकन अ‍ॅम्प असेल तर तो १२० व्होल्टचा, म्हणून आपल्या २३० व्होल्टसाठी वेगळा ट्रान्सफॉर्मर, आणि त्याचे किलो वेगळे. १९९१ नंतर हे हळूहळू सैल झालं.

अ‍ॅम्पमधलं वजन मुख्यतः तीन ठिकाणी बसलेलं असतं: ट्रान्सफॉर्मरचं लोखंड, उष्णता बाहेर टाकणारं अ‍ॅल्युमिनियम आणि स्पीकरचं चुंबक. ५० हर्ट्झच्या विजेला मोठा गाभा लागतो. तीच वीज आधी सेकंदाला लाखभर वेळा चालू-बंद केली, तर काडेपेटीएवढा ट्रान्सफॉर्मर पुरतो. ही युक्ती संगणक आणि टीव्हीतून आली. अ‍ॅल्युमिनियम वाचवलं क्लास-डी सर्किटने: ट्रान्झिस्टर एकतर पूर्ण चालू नाहीतर पूर्ण बंद, त्यामुळे फारच थोडी वीज उष्णतेत जाते. तिसरं निओडिमियम चुंबक. ते १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या सुमितोमोने आणि अमेरिकेच्या जनरल मोटर्सने स्वतंत्रपणे शोधलं. मोटरकंपनीला चुंबक स्पीकरसाठी नको होतं, हे सांगायला नकोच. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इटलीच्या मार्कबासची तीन किलोंची हेड आली आणि पाठदुखीने गांजलेल्यांनी ती डोक्यावर घेतली. २०१७ मध्ये ट्रेस एलियटचा एल्फ तर २०० वॉटचा असून किलोच्याही आत होता.

पण खोकं तेवढं उरलं. थीले आणि स्मॉल या दोन अभियंत्यांच्या गणितामुळे लहान कपाटातून जास्तीत जास्त खर्ज काढता येऊ लागला, प्लायवूड पातळ झालं, तरी हॉफमनचा नियम जागचा हलला नाही. लहान अ‍ॅम्प खऱ्या अर्थाने चालू लागला तो वेगळ्याच कारणाने: बेस डी.आय.मधून, म्हणजे सिग्नल थेट पुढे नेणाऱ्या जोडणीतून, साउंडवाल्याच्या मिक्सरला जाऊ लागला. शेवटची रांग त्याची जबाबदारी झाली. अ‍ॅम्प उरला वाजवणाऱ्याला आणि शेजारच्या ड्रमरला ऐकू येण्यापुरता.

मुंबईत याला कायद्याचीही जोड मिळाली. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतरच्या लाउडस्पीकरवर बंधन आणलं, आणि धोबीतलावचं रंगभवन हे खुलं रंगमंदिर शांतता क्षेत्रात येत असल्याने तिथले कार्यक्रम थांबले. गिग बंदिस्त जागांत गेले, आणि तिथे आठ स्पीकरांचं कपाट ठेवायला जागाही नसते.

म्हणून दुकानात वॉटच्या आकड्याला फार भुलू नये. वॉट दुप्पट झाले तरी आवाज वाढतो जेमतेम तीन डेसिबल. त्यापेक्षा मागचा डी.आय. बघा, त्यावर ग्राउंड लिफ्टचं, म्हणजे अर्थिंगची जोडणी तोडणारं, बटण आहे का ते बघा. नाट्यगृहातली घुरघुर बहुतेकदा त्यानेच जाते. घरच्या सरावासाठी हेडफोनची जागा हवीच, कारण ४१ हर्ट्झला चाळीची भिंत काय आणि सोसायटीचा स्लॅब काय, सारखेच. नुसत्या घरासाठी आठ इंची स्पीकर पुरे. ड्रमरबरोबर बसायचं असेल तर माझं मत बारा इंचीला, किंवा दहा इंचीच्या जोडीला.

एका बाबतीत जुने अ‍ॅम्प सरस होते. जळालेल्या ट्रान्झिस्टरच्या जागी नवा लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मिळायचा आणि ओळखीचा मेकॅनिक दुपारभरात बसवून द्यायचा. क्लास-डीचा बोर्ड गेला की बहुधा तो अख्खाच बदलावा लागतो, आणि पावसाळ्यातली दमट हवा त्याला मानवतेच असं नाही. बिल करण्याआधी पॉवर मॉड्यूल सुटं मिळतं का आणि कितीला, हे दुकानदाराकडून लिहून घ्यावं.