साठ सेकंदात हॅकिंग, आणि गणेशखिंड रोडवरची बँक

स्वॉर्डफिश आठवतो का? 2001 चा पिक्चर, जॉन ट्रॅव्होल्टा, हॅली बेरी आणि ह्यू जॅकमन. त्यातला एक सीन बघणारा कुणी विसरत नाही. जॅकमनच्या डोक्याला बंदूक, समोर लॅपटॉप, साठ सेकंदात अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या सिस्टीममध्ये घुसून दाखव, आणि एन्क्रिप्शन आहे 128 बिटचं (बाकी पण त्या सीनमध्ये बरंच काही चालू असतं, ते इथं लिहिण्यासारखं नाही). पठ्ठ्या धडाधड टाइप करतो आणि घुसतो की आत!

एन्क्रिप्शन म्हणजे माहितीला लावलेलं कुलूप, आणि 128 बिट म्हणजे असं समजा की कुलपाला 128 खटके आहेत आणि प्रत्येक खटका एकतर वर नाहीतर खाली. एका खटक्याला दोन शक्यता, दोनाला चार, तीनाला आठ... ती बुद्धिबळाच्या पटावर दर घरात दुप्पट दाणे मागणाऱ्याची गोष्ट माहितीय ना, तसंच, फक्त पटाला घरं 64 आणि इथं दुप्पट व्हायचं 128 वेळा. खटक्यांच्या एकूण मांडण्या, म्हणजे किल्ल्या, होतात साधारण 34 वर 37 शून्यं. आता असं मशीन आणा जे सेकंदाला 1 वर 18 शून्यं इतक्या किल्ल्या लावून बघतं, तरी सगळ्या संपायला जवळपास 10 लाख कोटी वर्षं लागतील, आणि नशीब मध्यम असलं तर त्याच्या निम्मी. विश्वाचं वय आहे 1380 कोटी वर्षं. आणि आपला हिरो हाताने टाइप करतोय.

आता कोणी म्हणेल, कुलपं काय कधी फुटतच नाहीत का? फुटतात की. 1998 मध्ये ईएफएफ या अमेरिकन संस्थेने अडीच लाख डॉलरच्या आत एक मशीन बांधलं, 1,800 च्या वर चिप्स होत्या त्यात, आणि त्याने डीईएस नावाचं 56 बिटचं कुलूप 56 तासांत उघडलं. पण एक खटका वाढला की वेळ डबल. 57 ला 112 तास, 58 ला 224, असं करत 128 पर्यंत यायला 72 वेळा दुप्पट करायचं. कॅल्क्युलेटर घेऊन बसा हवं तर.

मग बँका लुटल्या जातात त्या कशा? तर कुलपाच्या वाटेलाच कुणी जात नाही.

पुण्यात गणेशखिंड रोडला कॉसमॉस बँकेचं हेडऑफिस आहे, तिथं 2018 मध्ये पडलेला दरोडाच घ्या. आपण एटीएममध्ये कार्ड घालतो तेव्हा एटीएम स्वतः काही ठरवत नाही, ते विचारतं की या कार्डावर 10,000 देऊ का. तो प्रश्न कार्डाच्या नेटवर्कमधून बँकेच्या स्विचकडे, म्हणजे असे प्रश्न घेणाऱ्या कॉम्प्युटरकडे येतो, पिन बरोबर आहे का ते तपासलं जातं, स्विच आत कोअर बँकिंगला (सगळी खाती जिथं असतात ती सिस्टीम) विचारतो बॅलन्स आहे का, आणि मग हो किंवा नाही असं उत्तर परत जातं. हॅकर्सनी काय केलं, मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, घुसवून एक खोटा स्विच उभा केला. तो आत विचारायलाच जात नव्हता, आपला येईल त्याला हो, हो, हो. एन्क्रिप्शन जिथल्या तिथं, खरा स्विच बिचारा बाजूला, आणि ग्राहकांच्या खात्यातून एक रुपया हलला नाही कारण खात्यापर्यंत प्रश्न पोचलाच नाही, पैसे गेले ते बँकेचे.

तारीख 11 ऑगस्ट 2018, दुसरा शनिवार, बँक बंद. क्लोन केलेली, म्हणजे नकली, कार्डं घेऊन 28 देशांतल्या एटीएमवर माणसं उभी, काही तासांत 12,000 च्या आसपास व्यवहार आणि 78 कोटी बाहेर, भारतातून आणखी अडीच कोटी. सोमवारी 13 तारखेला स्विफ्टच्या (बँका एकमेकींना पैसे पाठवायचे निरोप ज्यावरून देतात ते नेटवर्क) मेसेजवरून हाँगकाँगला अजून जवळपास 14 कोटी. सगळे मिळून 94 कोटी.

स्विफ्टचा खेळ त्याआधी फेब्रुवारी 2016 मध्ये बांगलादेश बँकेत, म्हणजे त्या देशाच्या मध्यवर्ती बँकेत झालेला. तिथं तर बँकेच्याच लॉगिनने अस्सल दिसणारे मेसेज न्यूयॉर्कला, जिथं तिचे डॉलर ठेवलेले होते, तिथं गेले आणि 8 कोटी 10 लाख डॉलर फिलिपिन्सला पोचले. पाठवलेल्या मेसेजची प्रत काढणारा प्रिंटर हॅकर्सनी बंद पाडलेला, ऑफिसातल्यांना वाटलं प्रिंटर नेहमीसारखा बिघडलाय. सुट्टीचे दिवस पण नीट हेरलेले. एक मोठी रक्कम वाचली ती पैसे घेणाऱ्याच्या नावातल्या 'फाउंडेशन' शब्दाचं स्पेलिंग चुकल्यामुळे, बोला!

पिक्चरमध्ये जॅकमन वाइन पीत, खुर्चीवर डोलत कोड लिहितो आणि स्क्रीनवर रंगीत ठोकळे फिरतात. कॉसमॉसमध्ये कोड कुणीही लिहिलेला असो, नोटा हातात घ्यायला एटीएमसमोर माणूस उभा राहावाच लागला, मुंबईत, इंदूरला, कोल्हापुरात, एकामागून एक कार्ड घालत, आणि डोक्यावर सीसीटीव्ही. 2023 मध्ये पुण्याच्या कोर्टाने 11 जणांना शिक्षा दिली ती या पैसे काढणाऱ्यांच्या साखळीतल्यांना. मालवेअर लिहिणारा त्यांच्यात नव्हता.